गेनबाचा एपिसोड

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात प्रेमला भिंताडेच्या रागाची सगळ्यांना सवय होती. आतून पाणी मारून वजनाला वाढवलेली शेवंती कुणी कोरडी म्हणून खपवायला बघितली, तर ती वाद घालत बसायची नाही. पोतं उचलून त्या माणसाच्या पायाशी ओतायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. नवरा रामदास गाळ्याच्या मागे खुर्ची टाकून बसलेला असायचा. भांडण त्याच्याकडे आलंच, तर तो म्हणायचा, "माझ्याकडं काय नाय. मालकीणबाईंना विचारा." हमाल पाठीमागं तिला मिरची म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तिचं माहेर हिंजवडीचं, हुलावळ्यांचं. आयटी पार्क यायच्या आधीची हिंजवडी, भाताच्या खाचरांची. वडील लवकर गेले आणि थोरल्या गेनबानं तिला वाढवलं. गेनबा शेती करायचा, आणि चैत्रातल्या जत्रेत गावची मंडळी नाटक बसवायची, त्यात मोठं काम नेहमी त्याचं असायचं. त्याला आवाजाची देणगी होती. देवळासमोर उभा राहून बोलला तर ओढ्यापलीकडे ऐकू जायचा, आणि तरी ओरडतोय असं वाटायचं नाही. 'पेमे' अशी हाक त्यानं मारली की प्रेमला असेल तिथून पळत यायची. लग्न होऊन गुलटेकडीला गेल्यावरही वर्षातून एकदा, जत्रेला, ती त्याचं काम बघायला यायचीच.

अशाच एका जत्रेनंतर ती पोराबाळांसकट माहेरी थांबली असताना गावात शूटिंगवाले आले. त्या काळी मराठी वाहिनीवर रविवारी संध्याकाळी 'धागादोरा' नावाची मालिका लागायची. एक गुप्तहेर, दर आठवड्याला नवा गुन्हा. गुप्तहेर आणि त्याचा मदतनीस कायमचे. बाकीचे दर वेळी नवे, आणि शेवटी 'पाहुणे कलाकार' म्हणून त्यांची नावं सरकत वर जायची. या वेळच्या गोष्टीत विहिरीत प्रेत सापडणार होतं. म्हणून त्यांना विहीर हवी होती, आणि हुलावळ्यांची विहीर आंब्याच्या सावलीत, टीव्हीत छान दिसेल अशी होती.

रखवालदाराचं काम करणारा नट आलाच नाही. त्याची गाडी चांदणी चौकाच्या अलीकडं बंद पडली होती. इकडं युनिटच्या माणसांनी बांध तुडवला म्हणून गेनबा त्यांना झापत होता. दिग्दर्शक गोपाळकृष्ण घारपुरे हे ऐकत उभे होते. ते म्हणाले, "यालाच उभा करा."

गेनबाला कागद दिला. त्यानं तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि स्वतःच्या मनानं बोलला. गुप्तहेर बांधावर उभं राहून त्याला विचारतो, तू सगळं बघितलंस, मग गप्प का राहिलास? त्यावर गेनबा जे बोलला, त्यानं वायरी धरून उभी असलेली माणसंसुद्धा थांबली. प्रेमला आंब्याखाली कडेवरच्या पोराला घेऊन उभी होती. शेवटी युनिटनं टाळ्या वाजवल्या. गुप्तहेर झालेल्या मोठ्या नटानं गेनबाच्या पाठीवर हात ठेवला.

तो भाग लागला तो रविवार नेमका दसऱ्याच्या तोंडावरचा. प्रेमला गाळ्यावर झेंडूच्या ढिगात कमरेइतकी बुडालेली होती. त्या दिवशी जागा सोडणं म्हणजे वर्षाचा धंदा सोडणं. तिनं मनाला समजावलं, गावाकडं सगळे बघतील, पुढं कधीतरी आपणही बघू. पण हिंजवडीत त्या संध्याकाळी विजेचा डीपी जळाला आणि गाव अंधारात बसलं. गावातल्यांपैकी एपिसोड बघितला तो एकट्या गेनबानं, कारण तो त्या दिवशी चिंचवडला मेहुण्याकडं गेला होता. परत आल्यावर लोकांनी विचारलं, तेव्हा म्हणाला, "झालं की. चांगलं झालं." एवढंच.

त्यानंतर तो जत्रेच्या नाटकात उभा राहिला नाही. पहिल्या वर्षी म्हणाला पाठ दुखते, दुसऱ्या वर्षी म्हणाला वय झालं. चाळिशीचा माणूस. तोवर जमिनीचं संपादन सुरू झालं होतं. विहीर गेली, आंबे गेले, तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्या तुकड्यावर गेनबानं चार मजले चढवून कंपन्यांतल्या पोरांना खोल्या भाड्यानं दिल्या. प्रेमलानं सरळ अर्थ लावला. पैसा आला, भाऊ मोठा झाला, आता गावातल्या लोकांपुढं तोंड रंगवायला त्याला लाज वाटते. तिनं हे मनात ठेवलं नाही. पुतण्याच्या लग्नात, भर मांडवात, ती त्याला म्हणाली, "टीव्हीत एकदा दिसलास तर गाव बारीक वाटाया लागलं व्हय रं तुला?" गेनबा हसला आणि वाढप्यांकडं बघायला निघून गेला.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. तंबाखू बालपणापासूनची. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. मानेला भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल आला, आणि आवाज गेला तो गेलाच. ओठ हलायचे, हवा निघायची, शब्द नाही. त्याची बायको तुळजाबाई तेवढ्या ओठ बघून बरंचसं ओळखायच्या.

दवाखान्यातून त्याला घरी आणलं त्या दिवशी प्रेमलाच्या लक्षात आलं, की त्याचा आवाज कुठंच उरलेला नाही. लग्नाच्या कॅसेटींवर सगळी बँडची गाणी. मोबाइलमध्ये फोटो. नातवंडांनी आजोबाचा आवाज ऐकलेला, पण ती इतकी लहान की विसरून जाणार. आणि एकदम तिला आठवला तो एपिसोड.

"धागादोरा," ती म्हणाली. "त्यात हाय की तू. मी हुडकून आणते."

गेनबानं जोरजोरात मान हलवली. नको. तिला वाटलं, आजारानं खचलाय. त्यानं तिचं मनगट धरलं आणि पुन्हा मान हलवली. तिला राग आला. "एवढा कसला रं तोरा? आम्हाला ऐकायचाय तुझा आवाज, तुला न्हाय ऐकायचा तर कानात बोळं घाल."

शोध सोपा नव्हता. वाहिनीच्या मुंबईच्या कार्यालयात फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, एपिसोडचा नंबर सांगा. नंबर माहीत असता तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता, असं प्रेमला म्हणाली आणि फोन कट झाला. दुसऱ्यांदा केला तेव्हा कळलं, की जुन्या मालिका निर्मात्याकडं असतात. लक्ष्मी रस्त्यामागं जिथं निर्मात्याचं ऑफिस होतं तिथं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. दुकानदाराला निर्माता माहीत नव्हता; तो म्हणाला, "इथं चौकशी करायची असेल तर काहीतरी घ्यावं लागतं." प्रेमलानं त्याला जे ऐकवलं त्यानंतर त्यानं पाणी विचारलं. निर्माता वारला होता. कॅसेटची जुनी दुकानं बंद पडली होती. एका गृहस्थांनी आपल्याकडं सगळे भाग आहेत असं सांगून तिला वारज्यापर्यंत बोलावलं आणि दुसरीच मालिका दाखवली.

शेवटी यूट्यूबवर 'धागादोरा'चं शीर्षकगीत सापडलं. एवढंच, भाग नाही. पण टाकणारीचं नाव होतं, श्रद्धा. प्रेमलानं सुनेकडून त्या व्हिडिओखाली लिहून घेतलं, की विहिरीचा भाग असेल तर कळवा, माझा भाऊ त्यात आहे. आठवड्याभरात उत्तर आलं.

श्रद्धा खराडीला एका कंपनीत नोकरीला होती. मूळची अकोल्याची. तिच्या बाबांना गुप्तहेरकथांचं वेड, त्यांनी 'धागादोरा'चा एकेक भाग व्हीसीआरवर धरून ठेवला होता. दिवाळीला घरी गेली तेव्हा तिनं कॅसेटींचं खोकं उपसलं, विहिरीचा भाग काढला, पुण्यात त्याची सीडी करून घेतली आणि एका शनिवारी दुपारी स्वतः गुलटेकडीला घेऊन आली. प्रेमलानं तिला पुरणपोळीचं जेवण घातलं. मग सगळे टीव्हीसमोर बसले.

चित्र जरा हलत होतं, पण विहीर दिसली, आंबे दिसले. प्रेमलानं पदर तोंडाला लावला. मग बांधावर गेनबा आला. तरणा, काळाभोर, डोक्यावर मुंडासं. गुप्तहेरानं विचारलं, गप्प का राहिलास?

गेनबाचे ओठ हलले आणि आवाज आला, "चुकलं जी सरकार, गरीब मानूस हाय जी म्या, लई भ्या वाटलं बगा जी." चिरका, नाकातला, रडका आवाज. टीव्हीवर खेडवळ माणूस हसवण्यापुरता येतो, तसा. प्रत्येक वाक्याला जी. ओठ भलतीकडं, शब्द भलतीकडं. गेनबाचं बोलणं थांबलं तरी तो आवाज आणखी थोडा रडत राहिला.

रामदास हळूच म्हणाला, "हा कोण बोलतोय?"

प्रेमलानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. शेवटी पाहुण्या कलाकारांत नाव आलं, गेनबा हुलावळे. तिनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. श्रद्धा खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, "काकू, मला माहीत नव्हतं हा त्यांचा आवाज नाहीये. बाबा आणि मी या सीनला हसायचो." मग म्हणाली, "मी पुण्यात आले तेव्हा ऑफिसात माझ्या बोलण्याला असेच हसायचे. मी सहा महिन्यांत बोलणंच बदलून टाकलं. आता घरी गेले की आई म्हणते, तू पुण्याची झाली."

प्रेमलानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तिचं लक्ष नव्हतं. तिला एकच माणूस हवा होता.

गोपाळकृष्ण घारपुरे एरंडवण्यात राहत होते. सत्तरी ओलांडलेली, पांढरी दाढी, भिंतीवर फोटो. प्रेमलानं कशासाठी आलो ते सांगितलं तसे ते खुलले. "विहिरीचा भाग? वा. फार गाजला होता. बसा."

"त्यात आवाज कुणाचा हाय?"

"अहो, ते डबिंग. त्या काळी शेतावर घेतलेला आवाज नुसता अंदाजापुरता असायचा. विमान गेलं, ट्रॅक्टर गेला की सगळं खराब. नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यायचं."

"मग त्यालाच का न्हाय बोलावलं?"

"बोलावलं होतं की. आला होता. धुतलेले कपडे, टोपी, अगदी लग्नाला आल्यासारखा." घारपुरे हसले. "पण तो लिहिलेलं बोलेचना. म्हणे शेतावर बोललो तेच बोलणार. आणि दुसरं म्हणजे त्याची भाषा ग्रामीण वाटत नव्हती."

प्रेमलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तो हिंजवडीचा शेतकरी हुता."

"ते खरं हो. पण टीव्हीवर खेडवळ माणूस कसा बोलतो याची लोकांना सवय असते. तुमचे बंधू फारच साधं बोलत होते. शिवाय जरा उर्मट. रखवालदाराची दया यायला हवी ना. मग आमच्या ओळखीचा एक नट बोलावला, त्यानं चटकन उरकून दिलं."

"अन् गेनबा तवा कुठं हुता?"

"बाहेर बाकावर. दार उघडंच होतं, ऐकत असेल. चहा दिला होता आम्ही त्याला."

प्रेमलानं मूळ टेप मागितली. घारपुरे म्हणाले, टेपा महाग होत्या, पुसून पुढच्या भागाला वापरायचे. तिनं सांगितलं, की गेनबाचा आता आवाज गेलाय, म्हणून ती हिंडतेय. "अरेरे," ते म्हणाले. "वाईट झालं." आणि मग, बहुधा समजूत घालायला म्हणून, "पण लोकांना ते काम आवडलं होतं बरं का. पुष्कळ हसले लोक."

ती उठली. चहा तसाच राहिला.

"तुमी त्याला गरीब केलात," ती म्हणाली. "तवा त्याच्या नावावर सहा एकर हुतं. तुमी ज्या बांधावर खुर्ची टाकून बसला हुता, तो त्याचा हुता. गरीब मानूस म्हनं."

"बाई, आपण रागावू नका. ते पात्र होतं."

"मी रागावलेलीच हाय. घरी जाऊन पन रागावनार हाय."

तिथून ती रिक्षा करून थेट हिंजवडीला गेली. वाटेत कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता तुंबलेला. प्रत्येक बसकडं बघून ती मनातल्या मनात शिव्या देत होती, बसचा काही संबंध नसताना. गेनबा वरच्या मजल्यावर खिडकीशी बसला होता. तुळजाबाई लसूण सोलत होत्या.

"स्टुडिओत गेला हुतास ना?" प्रेमलानं दारातूनच विचारलं.

गेनबानं तिच्याकडं बघितलं. हो म्हणून मान हलवली.

"अन् मला सांगितलं न्हाईस. मी भर मांडवात बोलले तुला. एवढी वर्सं बोलत ऱ्हायले. तू ऐकून घेतलंस. तोंड हुतं की तवा तुला."

तुळजाबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. त्यांनाही यातलं काहीच माहीत नव्हतं. गेनबाचे ओठ हलले. त्या पुढं सरकून बघू लागल्या आणि सांगू लागल्या. "लाइट गेली ते बरं झालं म्हणत्यात. गावानं बघितलं न्हाई." पुन्हा ओठ हलले. "जत्रंत उभं ऱ्हायचं म्हटलं की तो दुसरा आवाज कानात यायचा, म्हणत्यात. वाटायचं, आपन बी तसंच बोलत असू."

हे सांगता सांगता तुळजाबाईच रडायला लागल्या. प्रेमला रडली नाही. तिनं सीडी काढून टीव्हीला लावली. गेनबा उठला, त्यानं रिमोट हिसकावला आणि भिंतीवर फेकला. सगळ्या आयुष्यात त्यानं असं काही केलं नव्हतं. रिमोटचं झाकण उडालं, सेल पलंगाखाली गेले. प्रेमलानं वाकून ते शोधले, बसवले, आवाज पार बंद केला आणि तो भाग पुढं नेला. बांधावरचा गेनबा मुक्यानं बोलू लागला.

"ह्याला ऐकायचंच न्हाय आपल्याला," ती म्हणाली. "मी तिथं हुते. मी सांगते तू काय बोललास." आणि ती पडद्यावरच्या ओठांबरोबर बोलू लागली. "म्या गप न्हवतो साहेब, मला कुणी इचारलं न्हाय..."

गेनबानं पलंगावर हात आपटला. चूक. ओठ हलवून दाखवले. तुळजाबाई म्हणाल्या, "इचारलं न्हाय असं न्हाय म्हणत्यात." प्रेमलानं मागं नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा चूक. गेनबा आता तिच्या समोर येऊन बसला, एकेक शब्द ओठांनी फोडून सांगू लागला. ती चुकली की कपाळाला हात लावायचा, मांडीवर थाप मारायचा, एकदा तर तिच्या खांद्यालाच चापट मारली. जत्रेच्या तालमीत चुकणाऱ्या पोरांना मारायचा तशी. बाहेरचं ऊन उतरलं तरी ते चाललं होतं. शेवटी ओठ आणि शब्द जुळले.

"गप कुठं ऱ्हायलो, साहेब? पाटलाला सांगितलं, फौजदाराला सांगितलं. माजं बोलनं कुनाच्या कानात शिरंना. आता तुमी आलात, तर मलाच म्हनताय गप का ऱ्हायलास."

गेनबानं मान हलवली. बरोबर. मग हातानं खूण केली, की शेवट जरा जास्त ओढलास.

श्रद्धानं तो प्रसंग गेनबाला विचारून यूट्यूबवर टाकला. आवाज काढून, खाली गेनबाचे शब्द जसेच्या तसे लिहून, हाय आणि न्हाय सकट. फार कुणी बघितलं नाही. हिंजवडीच्या लोकांनी बघितलं, अकोल्याला श्रद्धाच्या बाबांनी बघितलं. आणि कुणीतरी घारपुरेंना दाखवलं. त्यांचा गाळ्यावर फोन आला, ऐन बाजाराच्या वेळी.

"आपण माझ्या कामाची मोडतोड केलीत," ते म्हणाले. "दाखवायचंच असेल तर मूळ आवाजासकट दाखवा."

पलीकडं हमाल गुलछडीच्या पेट्या उतरवत होते. प्रेमला इतक्या जोरात बोलली, की दोन्ही बाजूंच्या गाळ्यांवरची माणसं वळून बघू लागली.

"मूळ आवाज तुमी पुसलात. त्याच्यावर पुढचा भाग घेतलात. तो सापडला की मला फोन करा. तवर करू नका."

घारपुरेंनी पुन्हा फोन केला नाही. व्हिडिओ काढायला लावीन असंही ते कुणाकडं म्हणाले होते म्हणे; तसं काही झालं नाही. प्रेमलाचा राग मात्र उतरला नाही. कुणी टीव्हीवरच्या मालिकेचा विषय काढला, तरी ती तराजू आपटायची. रामदासनं एकदा म्हणून बघितलं, की झालं ते झालं, सोड आता. तिनं दोन दिवस त्याला डबा पाठवला नाही.

पुढच्या चैत्रात गावच्या पोरांनी पुन्हा नाटक बसवलं. त्यातली निम्मी कंपन्यांत कामाला. गेनबा न बोलावता तालमीला जाऊन बसायला लागला, मानेला रुमाल, हातात काठी. पोरं शब्द गिळू लागली, की काठी जमिनीवर आपटायचा आणि पुन्हा म्हणायला लावायचा. पोरं कुरकुरायची, पण म्हणायची. जत्रेला प्रेमला आली, पुढच्या रांगेत बसली. नाटक काही फार चांगलं झालं नाही. मुख्य काम करणारा पोरगा दोनदा अडखळला आणि एका ठिकाणी चक्क पुस्तकी बोलला. परतीच्या वाटेवर ती गेनबाला त्याबद्दल तावातावानं बोलत होती, आणि गेनबा चालता चालता मान हलवत होता. त्यालाही ते पुस्तकी बोलणं पटलं नव्हतं.